घरपट्टीची सवलत मागायला लाजू नका

प्रश्न : नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत, मिडलसेक्स काउंटीत राहतो. हे घर १९९९ साली घेतलं. ह्यांना ६८ वर्षं पूर्ण झाली, गेल्या वर्षी निवृत्त झाले. मी ६४ची आहे, एका डेंटिस्टच्या ऑफिसात अर्धवेळ काम करते. ह्यांची पेन्शन, सोशल सिक्युरिटी आणि माझा पगार मिळून वर्षाला साधारण १,१०,००० डॉलर येतात. कर्ज चालू होतं तोवर प्रॉपर्टी टॅक्स बँकच परस्पर भरायची, त्यामुळे आकड्याकडे लक्ष गेलं नाही. आता कर्ज फिटलं आणि बिल थेट आमच्या हातात येतं : वर्षाला १२,४०० डॉलर! शेजारचं घर त्याच बिल्डरचं, त्याच नमुन्याचं, पण ते लोक १,३०० डॉलर कमी भरतात. त्यात आता गावातल्या सगळ्या घरांचं नव्याने मूल्यांकन होणार म्हणे. आमचं घर कागदोपत्री २,६०,००० डॉलरचं आहे आणि बाजारभाव ६,२०,०००च्या आसपास. म्हणजे टॅक्स दुपटीहून वर जाणार का? राज्याकडून सवलतीची पत्रं येतात, पण हे म्हणतात, ‘हातपाय धड आहेत, पेन्शन आहे, सरकारी मदत कशाला घ्यायची? ती गरजूंसाठी असते.’ पत्रं ड्रॉवरमध्ये पडून आहेत. मुलगा म्हणतो, घर विका आणि आमच्याकडे नॉर्थ कॅरोलायनाला या. पुण्यात एक फ्लॅट आहे, तो भाड्याने दिलाय. काय करावं?
– एक वाचक, मिडलसेक्स काउंटी

उत्तर : ताई, आधी ड्रॉवरमधल्या पत्रांबद्दल बोलते, कारण तुमचं सगळ्यात मोठं नुकसान तिथेच होतंय. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं मिळायला महिने लागतील; हे काम या आठवड्यात होण्यासारखं आहे.

तुमच्या यजमानांच्या मनातला संकोच मला समजतो. आपल्या पिढीने इथे येऊन कोणापुढे हात पसरला नाही आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. पण या सवलतीत हात पसरण्यासारखं काही नाही, आणि ते त्यांना पटावं म्हणून थोडा इतिहास सांगते.

१९७६पर्यंत न्यू जर्सीत सर्वसाधारण प्राप्तिकर नव्हता. शाळा चालायच्या त्या मुख्यतः घरपट्टीवर. ज्या गावात महागडी घरं आणि कारखाने, तिथल्या शाळा श्रीमंत; जिथे नाहीत, तिथे दर जास्त लावूनही पैसा कमी. १९७३मध्ये रॉबिन्सन विरुद्ध केहिल या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही पद्धत राज्यघटनेने मुलांना दिलेल्या शिक्षणाच्या हमीत बसत नाही. विधिमंडळ तरीही चालढकल करत राहिलं. शेवटी जुलै १९७६मध्ये न्यायालयाने शाळांवर पैसा खर्च करायलाच मनाई केली, शाळांना कुलपं लागली आणि काही दिवसांतच गव्हर्नर ब्रेंडन बर्न यांनी प्राप्तिकराच्या कायद्यावर सही केली. लोकांचा प्राप्तिकराला विरोध होता, म्हणून त्याच वर्षी राज्यघटनेतच तरतूद झाली की या कराचा पैसा फक्त घरपट्टीचा भार हलका करण्यासाठी वापरायचा. त्यासाठी वेगळा निधी आहे. त्यातला मोठा वाटा शाळांच्या अनुदानाच्या रूपाने गावांकडे जातो आणि एक वाटा थेट घरमालकांना आणि भाडेकरूंना परत मिळतो.

तुमच्या यजमानांनी इथे निदान पाव शतक तरी पगारावर राज्याचा प्राप्तिकर भरला असेल. तो घेताना राज्याने जे वचन दिलं होतं, त्याचीच आठवण ही पत्रं करून देताहेत. आणि ‘गरजूंसाठी’ म्हणाल, तर २०२३मध्ये ‘स्टे एनजे’ या घरपट्टी सवलतीच्या योजनेचा कायदा झाला तेव्हा त्यात उत्पन्नाची मर्यादा ५,००,००० डॉलर ठेवली होती. आयुष्यभर कर भरलेल्या माणसाला म्हातारपणी केवळ घरपट्टीपायी गाव सोडायला लागू नये, हा त्यामागचा विचार. तुमचं घर अगदी त्याच वर्णनात बसतं.

आता आकडे पाहू. ६५च्या पुढच्यांसाठी तीन योजना आहेत आणि २०२५पासून तिन्हींसाठी ‘पीएएस-१’ नावाचा एकच अर्ज आहे. नवरा-बायकोपैकी एकाचं वय बसलं तरी पुरतं, त्यामुळे तुमच्या ६४ची अडचण नाही.

पहिली योजना ‘अँकर’. अलीकडच्या फेऱ्यांत १,५०,००० डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरमालकाला १,५०० डॉलर आणि ६५च्या वरच्याला त्यावर आणखी २५० मिळत आले आहेत. दीड ते अडीच लाख उत्पन्न असेल तर १,००० अधिक २५०. या योजनेत उत्पन्न म्हणजे न्यू जर्सीच्या रिटर्नमधलं एकूण उत्पन्न. सोशल सिक्युरिटीवर हे राज्य कर लावत नाही, म्हणून ती इथे धरत नाहीत.

दुसरी ‘सीनियर फ्रीझ’, आणि हिच्याबद्दल आपल्या लोकांत सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. ही योजना तुमचं बिल थांबवत नाही. बिल वाढतच राहतं आणि तुम्ही ते पूर्ण भरायचं असतं. एक वर्ष ‘पायाभूत’ धरतात आणि त्या वर्षापेक्षा जितकी वाढ झाली तितकी राज्य तुम्हाला चेकने परत करतं. समजा पायाभूत वर्षी १२,००० होते आणि पुढच्या वर्षी १२,४०० झाले, तर ४०० परत. पाच-सहा वर्षांनी बिल १४,५००वर गेलं, तर त्या एका वर्षाचे २,५०० परत. दर वर्षी अर्ज करत राहिलात आणि पात्रता टिकली तर पाया हलत नाही. म्हणूनच उशीर महागात पडतो. पहिल्यांदा अर्ज करता तेव्हा आदल्या वर्षाचा कर पाया म्हणून घेतला जातो, त्यामुळे ड्रॉवरमध्ये गेलेल्या प्रत्येक वर्षाची वाढ तुमच्या पायात कायमची मिसळते. २०२४ या वर्षासाठी उत्पन्नाची मर्यादा १,६८,२६८ डॉलर होती. इथे मात्र सोशल सिक्युरिटीसकट सगळं उत्पन्न मोजतात. तुम्ही आरामात बसता. घर तुमच्या मालकीचं असून तिथे काही वर्षं सलग राहिलेलं असावं लागतं. १९९९पासून राहणाऱ्यांनी त्याची चिंता करायला नको.

तिसरी ‘स्टे एनजे’. २०२३च्या कायद्याप्रमाणे ६५ वर्षांवरच्या घरमालकाला घरपट्टीच्या निम्मी रक्कम, कमाल ६,५०० डॉलरपर्यंत, परत मिळावी अशी रचना आहे. तिचे पहिले हप्ते २०२६च्या सुरुवातीला निघाले. या तिन्ही योजनांची बेरीज होत नाही, हे नीट लक्षात घ्या. आधीच्या दोन योजनांतून मिळालेली रक्कम वजा करून उरलेलं ‘स्टे एनजे’ देतं. तुमच्या १२,४००चे निम्मे ६,२००. त्यातून अँकरचे १,७५० आणि फ्रीझचे समजा ४०० वजा केले की ‘स्टे एनजे’चे उरतात ४,०५०. सगळं मिळून ६,२००. म्हणजे निम्मी घरपट्टी!

हा हिशेब कायद्याच्या मूळ आकड्यांवर केलाय. पैसे दर वर्षी राज्याच्या अर्थसंकल्पातून येतात, तो ३० जूनपर्यंत मंजूर होतो, आणि त्यात रकमा किंवा उत्पन्नाच्या मर्यादा कमी-जास्त होऊ शकतात. तेव्हा अर्ज भरायच्या दिवशी राज्याच्या कर विभागाच्या संकेतस्थळावर त्या वर्षीचा आकडा बघा आणि मंडळातल्या कोणी सांगितलेल्या आकड्यावर जाऊ नका. २०२४ सालच्या अर्जाची मुदत ३१ ऑक्टोबर २०२५ होती. मुदत उलटलेल्या वर्षांचे पैसे बहुधा गेले, त्याबद्दल हळहळत बसू नका. या वर्षाचा अर्ज मात्र चुकवू नका. अर्जाला फी नाही. कोणी ‘भरून देतो, इतके डॉलर द्या’ म्हणालं तर नको म्हणा. गावाच्या सीनियर सेंटरमध्ये किंवा लायब्ररीत अशा अर्जांसाठी फुकट मदत मिळते का ते आधी विचारा.

दोन गोष्टी तुमच्या घरासाठी खास. पुण्याच्या फ्लॅटचं भाडं इथल्या उत्पन्नात दाखवावं लागतं. न्यू जर्सीचा रहिवासी जगात कुठेही कमावतो ते या राज्याच्या रिटर्नमध्ये येतं, आणि सवलतीच्या अर्जावर सही करताना तुम्ही ते खरं असल्याचं सांगत असता. पुण्याचा फ्लॅट आहे म्हणून इथली सवलत जात नाही, कारण सवलत मुख्य राहत्या घरावर आहे आणि ते इथलं आहे. (पुणे महापालिकाही स्वतः राहणाऱ्या मालकाला ४० टक्के सवलत देते आणि त्यासाठी पीटी-३ अर्ज लागतो. तुमचा फ्लॅट भाड्याने दिलेला असल्याने तिथे ती घेता येणार नाही, आणि घेतली जात असेल तर आधी तेवढं दुरुस्त करून घ्या.) दुसरी गोष्ट, ‘स्टे एनजे’साठी ज्या वर्षाचा अर्ज करता त्या पूर्ण १२ महिन्यांत घर तुमच्या मालकीचं आणि तुमचं मुख्य राहतं असावं लागतं. हिवाळ्यात पुण्याला जाऊन येता म्हणून मुख्य घर बदलत नाही. वर्षाच्या मध्ये विकलंत तर मात्र त्या वर्षाचा हक्क जातो. मुलाच्या सल्ल्याचा विचार करताना हे ध्यानात असू द्या.

आता बिलाकडे वळू. लोक ‘स्टेटचा प्रॉपर्टी टॅक्स’ म्हणतात, पण न्यू जर्सी राज्य स्वतः घरपट्टीतला एक डॉलरही घेत नाही. राज्य नियम ठरवतं आणि सवलत देतं. पैसे जातात गावाला, शाळेला आणि काउंटीला. बिलावर हे वाटे वेगळे छापलेले असतात. बहुतेक गावांत निम्म्याच्या आसपास शाळेचा वाटा असतो. तुमचं बिल डोळ्यांत येतं खरं, पण इथे ते एकटं नाही : २०२४मध्ये राज्यातलं सरासरी घराचं बिल पहिल्यांदाच दहा हजारांच्या पुढे, १०,०९५ डॉलरवर गेलं. २०१०च्या कायद्याने वाढीवर दोन टक्क्यांची मर्यादा आहे, मग माझं बिल पाच टक्के कसं वाढलं, असं मला पुष्कळ जण विचारतात. ती मर्यादा गाव किंवा शाळा एकूण किती रक्कम गोळा करते तिच्यावर आहे, तुमच्या एका बिलावर नाही. शिवाय कर्जफेड, पेन्शन, आरोग्यविम्याचे वाढते खर्च अशा बाबी तिच्यातून वगळता येतात. बिल कमी व्हावं असं ज्यांना वाटतं त्यांनी शाळेच्या बजेटच्या सुनावणीला जाऊन बसायला हवं. आपली मुलं शाळेत होती तेव्हा आपण जायचो, ती कॉलेजला गेली आणि आपण थांबलो. हे मला खरोखर खटकतं.

शेजाऱ्यांच्या १,३०० डॉलरचं काय?

आधी एक गोष्ट मनात पक्की करा : अपील टॅक्सवर करता येत नाही, मूल्यांकनावर करता येतं. आणि ‘शेजाऱ्याचं कमी आहे’ हा पुरावा धरत नाहीत. शेजारी माजी सैनिक असेल तर त्याला वर्षाला २५० डॉलरची वजावट असते आणि सैन्यसेवेमुळे पूर्ण अपंगत्व आलेल्याची घरपट्टी पूर्ण माफ असते. त्याचं घर तुमच्यासारखं दिसत असलं तरी आत तळघर कच्चं असेल, किंवा तुम्ही परवानगी काढून डेक, वाढीव खोली, तिसरं बाथरूम केलं असेल. ही कारणं असेसरच्या (घरांचं मूल्यांकन ठरवणाऱ्या गावाच्या अधिकाऱ्याच्या) कार्यालयात तुमच्या घराच्या नोंदीच्या कार्डावर दिसतात, म्हणून पहिली पायरी कार्डाची प्रत मागणं ही आहे.

ते कार्ड हातात घेऊन घरभर फिरा. चौरस फूट बरोबर आहेत का? बाथरूम किती लिहिलीत? तळघर ‘फिनिश्ड’ लिहिलंय आणि तुमचं अजून सिमेंटचं आहे का? दहा वर्षांपूर्वी मोडलेला डेक अजून कागदावर उभा आहे का? फायरप्लेस? जमिनीचं क्षेत्रफळ? जुन्या घरांच्या कार्डांवर अशा चुका असतात, आणि त्यांच्यासाठी अपील करावं लागतंच असं नाही. पुढच्या वर्षाचं मूल्यांकन १ ऑक्टोबरच्या स्थितीवर ठरतं आणि त्याची यादी १० जानेवारीला दाखल होते. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये असेसरला भेटून, फोटो दाखवून, चूक तिथल्या तिथे दुरुस्त करून घेणं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात शांत मार्ग आहे. असेसर हा तुमचा शत्रू नाही. त्याला यादी अचूक हवी असते.

कार्ड बरोबर निघालं आणि तरीही मूल्यांकन जास्त वाटलं, तर काउंटी बोर्ड ऑफ टॅक्सेशनकडे अपील. बहुतेक ठिकाणी मुदत १ एप्रिल. ज्या वर्षी गावभर फेरमूल्यांकन झालं असेल त्या वर्षी १ मे. मॉनमथसारख्या काउंटीत १५ जानेवारी. तुमच्या मूल्यांकनाच्या घराला फी २५ डॉलर. अपील चालू असताना टॅक्स भरत राहायचा. पण अर्ज करण्याआधी एक गणित करा, नाहीतर दिवस फुकट जाईल.

जुन्या मूल्यांकनाच्या गावात घरं कागदावर बाजारभावाच्या काही टक्क्यांवर असतात. ते सरासरी प्रमाण राज्य दर वर्षी जाहीर करतं आणि काउंटी बोर्डाच्या संकेतस्थळावर ते सापडतं. समजा तुमच्या गावाचं ४० टक्के आहे. १९७३च्या कायद्यातलं ‘चॅप्टर १२३’ म्हणतं की या प्रमाणाच्या १५ टक्के वर किंवा खाली, म्हणजे ३४ ते ४६ टक्क्यांच्या पट्ट्यात जे घर बसतं, त्याला हात लावायचा नाही. तुमचं घर २,६०,००० भागिले ६,२०,०००, म्हणजे जवळजवळ ४२ टक्के. पट्ट्याच्या आत. अपील फेटाळलं जाईल. घराची खरी किंमत ५,४०,००० आहे असं तुम्ही दाखवू शकलात तर प्रमाण ४८ टक्के होतं, पट्ट्याबाहेर जातं, आणि मग बोर्ड मूल्यांकन ५,४०,०००च्या ४० टक्क्यांवर, २,१६,०००वर आणेल. वर्षाला सुमारे २,१०० डॉलर वाचतील. सारांश इतकाच की घर ५,६५,०००च्या खाली आहे असं सिद्ध करता येत असेल तरच पुढे जा. शेजारी जवळजवळ दहा टक्के कमी भरतात. तेवढा फरक कायद्याने आधीच गृहीत धरलाय. मला स्वतःला हा पट्टा फार रुंद वाटतो, पण कायदा तोच आहे.

पुरावा म्हणजे आदल्या वर्षीच्या १ ऑक्टोबरच्या आधी, त्या तारखेच्या जवळपास, तुमच्या भागात विकल्या गेलेल्या तुमच्यासारख्या तीन ते पाच घरांचे खरेदीचे आकडे. नात्यात झालेली विक्री किंवा बँकेने जप्त केलेल्या घराची विक्री चालत नाही. रिअल इस्टेटच्या वेबसाइटवर दिसणारा ‘अंदाजे भाव’सुद्धा नाही. कागद सुनावणीच्या सात दिवस आधी बोर्डाला आणि असेसरला पोचले पाहिजेत. वकील लागत नाही. जिंकलात तर तो निकाल साधारणपणे पुढची दोन वर्षंही टिकतो, मध्ये फेरमूल्यांकन झालं नाही तर.

आता त्या फेरमूल्यांकनाची भीती. ती काढून टाका. गणपतीच्या मंडळाचा खर्च ठरलेला असतो आणि वर्गणी घरटी वाटली जाते. सगळ्यांच्या घराचा आकडा कागदावर वाढवला म्हणून मंडळाला जास्त पैसे मिळत नाहीत. गावाचं तसंच आहे. गाव, शाळा आणि काउंटी यांना लागणारी रक्कम आधी ठरते आणि मग तिला सगळ्या घरांच्या किमतीने भागून दर निघतो. तुमचा आजचा दर १०० डॉलरला सुमारे ४.७७ आहे. सगळी घरं ४० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणली की गावाची एकूण किंमत अडीचपट होते आणि दर १.९१वर येतो. तुमचं घर २,६०,०००वरून ६,२०,०००वर जाईल, म्हणजे सुमारे २.४ पट, गावाच्या सरासरीपेक्षा थोडं कमी. त्याच खर्चाला तुमचं बिल येईल ११,८३०च्या आसपास. जवळजवळ ५७० डॉलरने कमी! फेरमूल्यांकनात ज्यांची घरं सरासरीहून जास्त महागली त्यांचं बिल वाढतं, बाकीच्यांचं घटतं. तेव्हा मूल्यांकन करणारी माणसं आली की त्यांना घरात येऊ द्या. दार उघडलं नाही तर ते बाहेरून अंदाज बांधतात, आणि तुमच्या कच्च्या तळघराला पक्कं धरू शकतात. नवा आकडा पत्राने आल्यावर अनौपचारिक भेटीची वेळ देतात, ती जरूर घ्या. (४० टक्के हा आकडा मी उदाहरणासाठी घेतलाय. तुमच्या गावाचा खरा आकडा टाकून गणित पुन्हा करा, पद्धत तीच.)

कर्ज फिटल्यामुळे आलेली एक जबाबदारी : हप्ते. १ फेब्रुवारी, १ मे, १ ऑगस्ट आणि १ नोव्हेंबर. बिल वर्षातून एकदाच, उन्हाळ्यात, चार पावत्यांसकट येतं. पहिले दोन हप्ते आदल्या वर्षाच्या अंदाजाने लागतात आणि वाढ ऑगस्ट-नोव्हेंबरमध्ये दिसते, म्हणून ऑगस्टचा हप्ता अचानक फुगलेला वाटतो. बहुतेक गावं दहा दिवसांची सूट देतात. ती चुकली तर व्याज १ तारखेपासूनच लागतं : थकबाकीच्या पहिल्या १,५०० डॉलरवर ८ टक्क्यांपर्यंत, त्यावरच्या रकमेवर १८ टक्क्यांपर्यंत. बिल मिळालं नाही ही सबब चालत नाही. तुम्ही डिसेंबर-जानेवारीत पुण्याला जात असाल तर फेब्रुवारीचा हप्ता निघण्याआधी भरा, किंवा बँकेतून आपोआप जाईल अशी सोय करा. सीनियर फ्रीझसाठीही पूर्ण वर्षाचा कर वेळेत भरलेला असणं गरजेचं आहे.

प्राप्तिकराच्या रिटर्नबद्दल थोडक्यात. न्यू जर्सीच्या रिटर्नमध्ये १५,००० डॉलरपर्यंत घरपट्टीची वजावट मिळते, किंवा ५० डॉलरची सूट. जे फायद्याचं ते. फेडरलमध्ये राज्य आणि स्थानिक करांची मर्यादा २०२५पासून १०,०००वरून ४०,०००वर गेली आहे म्हणून खूप चर्चा आहे. पण ती फक्त खर्च एकेक करून दाखवणाऱ्यांना. तुमचं कर्ज फिटलंय, व्याज नाही, त्यामुळे तुम्हाला प्रमाणित वजावटच (२०२५मध्ये जोडप्याला ३१,५०० डॉलर, वयासाठी त्यावर थोडी) जास्त पडेल असं दिसतं.

राहिला मुलगा. त्याच्या बोलण्यात माया आहे, आणि नातवंडांजवळ जावंसं वाटत असेल तर जा. त्यासाठी टॅक्सचं कारण शोधायची गरज नाही. पण केवळ घरपट्टीसाठी जात असाल तर पूर्ण हिशेब मांडा. नॉर्थ कॅरोलायनात घरपट्टी बरीच कमी आहे, हे खरं. मात्र तिथे पेन्शनवर राज्याचा प्राप्तिकर लागतो, २०२५मध्ये ४.२५ टक्के. न्यू जर्सीत ६२च्या पुढच्या जोडप्याचं राज्याच्या हिशेबाने उत्पन्न १,००,००० डॉलरच्या आत असेल तर पेन्शन तेवढ्या मर्यादेपर्यंत करमुक्त आहे. सोशल सिक्युरिटी बाजूला काढली की तुम्ही त्यात बसता असं मला वाटतं, म्हणजे ह्यांच्या पेन्शनवर इथे बहुधा कर लागतच नाही. घरपट्टीतले ६,००० परत मिळाले आणि पेन्शन करमुक्त राहिली, तर दोन राज्यांतलं अंतर मुलाला वाटतं त्याहून बरंच कमी निघेल.

आणि ‘घर विकून राज्य सोडलं तर एक्झिट टॅक्स लागतो’ असं कोणी घाबरवलं तर घाबरू नका. तो वेगळा कर नाही. राज्य सोडून गेलेल्या विक्रेत्याकडून घेतलेला तो आगाऊ प्राप्तिकर असतो. मुख्य राहत्या घराच्या विक्रीत जोडप्याचा ५,००,००० डॉलरपर्यंतचा नफा फेडरल आणि राज्य दोन्हीकडे सुटतो, आणि १९९९ची खरेदी किंमत पाहता तुमचा नफा त्याच्या आतच असेल. इथले रहिवासी असतानाच विकलंत तर त्यासाठीचा सूट-अर्ज क्लोजिंगच्या (विक्रीचा व्यवहार पूर्ण होण्याच्या) वेळी वकील भरून देतो.

यजमानांना हे पत्र वाचायला द्या. ड्रॉवरमधलं सगळ्यात ताजं पत्र काढा, त्यावर ओळख क्रमांक असेल तर तो लागू शकतो. असेसरकडच्या कार्डाची प्रत आली आणि त्यातल्या नोंदी कळल्या नाहीत, तर मला परत लिहा.